साडूभाऊंचं सहा वर्षांचं पीक

परभणी जिल्ह्यातल्या उन्हाळ्यावर विश्वास नसलेला एकच माणूस मी पाहिला आहे, आणि तो माझा साडू आहे. मे महिन्यात गंगाखेडचे कावळेसुद्धा सावली सोडत नाहीत. तिथे हे गृहस्थ बर्फाळ डोंगरात उगवणारा जिनसेंग घरामागे लावायचं ठरवतात. शाळेतून निवृत्त झाल्यापासून त्यांनी म्हातारपणाच्या बऱ्याच सोयी केल्या. आधी इमू पाळले. त्यातला एक पळून एसटी स्टँडवर गेला आणि पाथरीच्या गाडीपुढे उभा राहिला. गाडीला उशीर होण्याचं खरं कारण प्रवाशांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. मग सफेद मुसळी झाली, कोरफड झाली. बियाणं विकणारे दरवेळी भेटले, पीक घेणारा कधीच भेटला नाही.

मग त्यांना हृदयाचा झटका आला. दवाखान्यातून परतले ते गप्पच झाले. पेपर उघडायचे आणि तसाच मिटायचे. आम्ही सगळ्यांनी धास्ती घेतली. अशात कुणीतरी मोबाइलवर जिनसेंगचा व्हिडिओ पाठवला आणि माणूस उठून बसला. "पाहुणे, बी पेरल्यापासून सहा वर्षांनी मूळ निघतंय," ते मला म्हणाले. "लय औषधी. आमी आता घाई करणार न्हाई." डॉक्टरांनी ज्यांना जिना चढायची मनाई केली होती, त्यांनी सहा वर्षांचं पीक धरलं होतं.

या बियाला आधी थंडी लागते, म्हणून ते ओल्या वाळूत घालून फ्रिजमध्ये ठेवलं. जागेसाठी दुधाचं पातेलं बाहेर आलं आणि रोज नासू लागलं. पुढे नवरात्र आलं. त्यांची बायको, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, आमच्या अक्का घट बसवायला बसल्या. शेतातली काळी माती फार चिकट निघाली. ती मोकळी व्हावी म्हणून अक्कांनी फ्रिजमधली ती वाळू तिच्यात कालवली, वर गहू पेरला आणि घट ठेवून दिवा लावला. साडूभाऊंना कळेपर्यंत उशीर झाला होता. बसलेला घट दसऱ्यापर्यंत हलवता येत नाही. आयुष्यभर देवाला लांबून नमस्कार करणारा हा माणूस मग नवरात्रभर हातात भिंग घेऊन घटासमोर बसला. ही भक्ती पाहून गल्लीतल्या बायका त्यांच्या पाया पडू लागल्या. "पाया कशाला पडायलाव," ते म्हणायचे, "तो दिवा जरा लांब सरकवा, बियाला धग लागायलीय."

दसऱ्याला गव्हाचे तुरे टोपीत खोवून झाले, पण घटाची माती त्यांनी गोदावरीत सोडू दिली नाही. ती फुटक्या माठात भरून न्हाणीच्या भिंतीआड ठेवली. दिवाळीत तिथे पाच पानांचं एक रोप आलं. उन्हाळ्यात घरातला कूलर त्या रोपाकडे तोंड करून बसला आणि अक्का पदरानं वारा घेत राहिल्या. रोप मधूनच वाळायचं, पुन्हा दिसायचं. "जिनसेंगचं असंच असतंय," साडूभाऊ आम्हाला शिकवायचे. ते स्वतः पहाटे फिरायला जाऊ लागले, मीठ कमी केलं, गोळ्या न सांगता घेऊ लागले. पीक हाती येईपर्यंत मालक धडधाकट हवा, असं त्यांचं म्हणणं.

मी ते रोप जवळून पाहिलं. बांधावर कुठेही उगवते ती तिळवण होती. मी तोंड उघडणार तोच अक्कांनी मला चहाला आत बोलावलं.

"भाऊजी, मला तिळवण कळत न्हाई व्हय?" त्या हळूच म्हणाल्या. "वाळली की मीच दुसरी आणून लावतेय. त्यायला सहा वर्षं थांबायचं हाय. थांबू द्या की."



यंदा उन्हानं सगळे बांध करपले. परवा अक्कांचा मला माझ्या गावी, वालूरला फोन आला, "भाऊजी, तिकडं एखादी मिळती का बघा." दिवसभर हिंडल्यावर एका विहिरीकाठी सापडली. मी ती मुळासकट काढली, ओल्या फडक्यात गुंडाळली आणि गंगाखेडच्या गाडीत मांडीवर घेऊन बसलो.