पुरी, फणसपोळी आणि चिनी विनाशिका

रत्नागिरीतल्या एका निवृत्त चित्रकला-शिक्षिकेला चिनी नौदलाच्या विनाशिकांचे, म्हणजे डिस्ट्रॉयर युद्धनौकांचे, वर्ग तोंडपाठ का असावेत, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मी हे लिहायला बसलो.

बाई माझ्या शाळेतल्या सहकारी आणि पुढे शेजारीण. काहीही दाखवले की त्या चष्मा कपाळावर सरकवत, एक डोळा मिटत आणि म्हणत, “आधी आकार बघा, सर. नाव मागनं.”

त्यांचा मुलगा मालवाहू जहाजावर लागला आणि त्याच्या शांघायच्या फेऱ्या सुरू झाल्या. आज करडी लढाऊ जहाजे दिसली, असे तो फोनवर सांगे. कशी होती, असे विचारल्यावर ‘मोठी होती’ एवढेच उत्तर येई. चित्रकलेच्या बाईंचा मुलगा आणि वर्णन हे असे, अशी त्यांची तक्रार. शेवटी त्यांनीच छायाचित्रे शोधून रेखाटने सुरू केली. मुलाला जे दिसते ते आपल्यालाही दिसावे, एवढाच हेतू.

पडवीत बसून त्यांनी मलाही शिकवले. ०५२सी आणि ०५२डी या सख्ख्या बहिणी. फरक सुकाणूघराभोवतीच्या रडारच्या तावदानांत: सीची बाहेर फुगलेली, डीची सपाट. “ही पुरी, ही फणसपोळी.” ०५५ बरीच मोठी, अमेरिकी नौदल तिला क्रूझर म्हणते. तिची डोलकाठी बंदिस्त आणि गुळगुळीत, अँटेना सगळ्या आत. “हिच्या डोक्यावर काही वाळत घातलेलं नाही.”

मे महिन्यातल्या एका दुपारी बाई कोकमाच्या सालींना मीठ लावत होत्या. मीही तिथेच होतो. शेजारचे आंबा बागायतदार मोबाइल घेऊन आले. चीनच्या नव्या ०५५ विनाशिकेने भारतीय खलाशांचे मालवाहू जहाज अडवले, असा मजकूर आणि खाली फोटो. मुलाचा फोन त्या आठवड्यात आला नव्हता.

“तुमचा मुलगा त्याच बाजूला ना हो, बाई?”

बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. एक डोळा मिटला.

“ही पुरी आहे,” त्या म्हणाल्या. “०५२सी. लिहिणाऱ्यानं जहाज बघितलेलंच नाहीन.”

“म्हणजे बातमी खोटी काय?”

“ते मला नाही माहीत. फोटो त्या बातमीचा नाही, इतकंच.”

त्या पुन्हा कामाला लागल्या. मीठ लावून झालेल्या सालींनाच त्या पुन्हा मीठ लावत होत्या.

संध्याकाळी फोन आला. जहाज बंदराला सुखरूप लागले होते, वाटेत नेटवर्क नव्हते. बाईंनी पहिला प्रश्न विचारला, “खिडकीतून काय दिसतंय?”

“क्रेन. मोठ्या आहेत.”

बाई हसल्या आणि मग त्यांनी पदराने डोळे पुसले.

आता मुलाला किनाऱ्यावरची नोकरी मिळाली आहे आणि बाई त्याच्याकडे पनवेलला सुखात आहेत. त्यांच्या पडवीला कुलूप असते. त्या खारट आमसुलांची बरणी माझ्याकडे आली. आमटीत वेगळे मीठ घालावे लागत नाही. भिंतीवर त्यांनी दिलेले रेखाटन आहे: दोन जहाजे शेजारी शेजारी, खाली नावे नाहीत.

वाचकांना एक विनंती. असा फोटो तुमच्याकडे आला तर मजकुराआधी रडारची तावदाने पाहा. माझ्या शब्दावरही विसंबू नका. दोन्ही वर्गांची छायाचित्रे शेजारी ठेवा आणि स्वतः पडताळून पाहा.