मावसाजींचं बिडीचं माप

बिडी सोडणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, पण बिडीवाचून ज्याला अंतरही मोजता येत नव्हतं असा माणूस बिडी सोडताना पाहिला तो एकच, आमचे मावसाजी, म्हणजे मावशीचे यजमान. लाखनीजवळच्या त्यांच्या घरात घड्याळ होतं, पण ते पाहुण्यांसाठी. मावसाजींचा भात दोन बिड्यांत शिजे, बसथांबा तीन बिड्यांवर होता आणि शेत चारांवर. पुढे मावशीला दम लागू लागला, शेतावर जाताना चारदा बांधावर टेकावं लागू लागलं. "घरातला धूर बंद करा, नाहीतर यांचं कठीण आहे," असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, आणि त्याच संध्याकाळी मावसाजींनी बिड्यांचं अख्खं बंडल नहाणीच्या चुलीत घातलं. मी थक्क झालो.

डॉक्टरीणबाईंनी अंगाला चिकटवायच्या निकोटिनच्या पट्ट्या दिल्या, आणि तलफ आलीच तर चघळायला निकोटिनचं च्युइंगम. पट्टीची जागा रोज बदलायची, हे मावसाजींना लगेच पटलं. "एकाच बांधीत रोज धानाची रोवणी करते का कोनी?" म्हणत त्यांनी दोन्ही दंड आणि छातीचे वार ठरवून टाकले. च्युइंगमनं मात्र फजिती केली. गावकरी तंबाखू-सुपारीचा खर्रा चावतात तसं त्यांनी ते कचाकचा चावलं, आणि अड्याळला नात्यातल्या एका मुलाच्या सोयरिकीत, ऐन बोलणी चालू असताना, त्यांना उचकी लागली. मुलीचा बाप म्हणाला, "कोनीतरी आठवन काढून राह्यलं तुमची."

"बिडी काढून राह्यली," मावसाजी म्हणाले. "दुसरं कोन काढन?"

मग डॉक्टरीणबाईंनी शिकवलं, हळू चावा, झिणझिणलं की गालात ठेवून द्या. तेव्हापासून तलफ आली की मावसाजी गाल फुगवून गप्प बसत. रोवणीच्या वेळी एका जुन्या सोबत्यानं बिडी पुढे केली. त्यांनी ती नाकाशी नेली, डोळे मिटले आणि परत दिली. बिडी परत देणाऱ्या त्या हाताला नमस्कार करावा असं मला खरंच वाटलं.

आता पट्ट्याही संपल्या आणि च्युइंगमही. परवा आम्ही शेतावर निघालो, मावशी पुढे. मी चिडवलं, "मावसाजी, आता शेत किती बिड्यांवर?"

त्यांनी पुढे चालणाऱ्या मावशीकडे पाहिलं. मग म्हणाले, "मांगच्या सालाले तुही मावशी चारदा बसे. आता दोनदा बसते. तितकं दूर हाय, बापू."

दुसऱ्यांदा मावशी बांधावर टेकली तेव्हा तेही शेजारी बसले. हात सवयीनं रिकाम्या खिशाकडे गेला. तो त्यांनी तिथून काढला आणि तिच्या पाठीवर ठेवला.