बारा गाईंची खबर

ती घटना आठवली की आजही मला आधी हसू येतं, आणि हसून झालं की मी गप्प होतो. घरातले विचारतात, काय झालं हो? काय सांगणार! म्हणून लिहूनच काढतो. नावं कुणाचीच देत नाही. त्यातली बरीच माणसं अजून याच हुबळी-धारवाडच्या जुळ्या शहरात भाजी घेताना भेटतात.

मी तेव्हा हुबळीतल्या एका ठाण्यावर उपनिरीक्षक होतो. माणूस मूळचा इथलाच. घरात मराठी, दारात कन्नड आणि राग आला की दोन्ही. त्या सुमारास गवळ्यांच्या गाई चोरीला जात होत्या. गुन्हे नोंदले होते, तपास शून्य. एक म्हातारी गवळण रोज सकाळी येऊन ठाण्याच्या पायरीवर बसायची. शिव्या नाहीत, रडणं नाही, नुसती बसायची. त्या बसण्यानं माझा जीव खाल्ला होता.

अशात खबर आली. कमरीपेठेत चहाची गाडी लावणारा एक जण आमचा खबऱ्या होता. कोल्हापूरकडून आलेला, कन्नड त्याला चहा-साखरेपुरतं. धापा टाकत आला.

"साहेब, गाई घावल्या! आमच्या गल्लीतला एक जण शेजाऱ्याच्या कानाला लागून सांगत होता, काल बारा गाई केल्या म्हणून. सहा लवकर मिटतील, सहांना वेळ लागेल. बाहेर बोलू नको, अक्का रागावतील."

"गाई केल्या म्हणजे काय रे?"

"लंपास केल्या, दुसरं काय! आणि मिटतील म्हणजे विकून मिटवतील."

मला पटलं. टोळी आहे, माल बाराचा आहे आणि म्होरकी कुणी अक्का आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी धारवाडच्या बसला उभा असताना त्या इसमाला उचलला. चाळिशीचा, धुतलेल्या कपड्यातला, बोलका माणूस. अंगझडतीत एक रुमाल, सुपारी आणि एक किल्ली निघाली. ती ठाणे अंमलदाराच्या खणात गेली. मला बंदोबस्ताला जावं लागलं, म्हणून तो दुपारपर्यंत बाकावर बसून राहिला. मी परत आलो तेव्हा तो रडकुंडीला आला होता. मी म्हटलं, चला, पिकलंय, आता पडेल.

चौकशीचा माझा एक नियम होता. चोरीच्या मालाचं नाव आपण घ्यायचं नाही, समोरच्यानं घेऊ दे.

"बारा कुठं आहेत?" मी विचारलं.

चोर असेल तर पहिल्यांदा म्हणतो, कसले बारा? हा म्हणाला, "कुणी सांगितलं तुमास्नी?"

"ते सोड. कुठं आहेत?"

"केलगेरीकडं, साहेब. पिंजऱ्यात."

"पिंजऱ्यात? मावतात?"

"आरामात की! ज्याला त्याला येगळा पिंजरा."

मी हवालदाराकडं बघितलं, हवालदार माझ्याकडं. तो पक्का धारवाडी कन्नड, मराठी कामापुरतं. "आणि करतं कोण हे?"

"मी धरतो, अक्का कापतात. पण भूल देऊन, साहेब! तरास देत न्हाई. मग सहांना पाला लावतो, सहांना नुसतं मलम."

हवालदारानं "शिव शिवा!" म्हणून कानांना हात लावले. चोरी सोडा, हे काहीतरी भलतंच निघत होतं. तेवढ्यात त्या माणसानं माझे पायच धरले.

"साहेब, मला सोडा. दुपारचं औषध चुकलं तर गाय वाळतंय. गाय वाळलं की अक्काचं सगळं काम बुडालं!"

"काय वाळलं म्हणालास?"

"गाय."

"गाय वाळली म्हण की."

"न्हाई साहेब. गाय वाळलंच की. मिटायच्या आधीच वाळलं."

आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. कन्नडमध्ये जखमेला 'गाय' म्हणतात, आणि हुबळीच्या आमच्या मराठी घरांतून तो शब्द सर्रास चालतो. पोरगं पडलं की आई ओरडायची, "बघू, गुडघ्याला गाय झालंय काय?" दूध देणारी ती गाय, रक्त देणारं ते गाय! खबऱ्यानं ऐकलं होतं, "बारा गाय केलं." बिचाऱ्याला वाटलं, ह्या लोकांना मराठी व्याकरण येत नाही. म्हणून त्यानं ते दुरुस्त करून "बारा गाई केल्या" असं माझ्यापर्यंत आणलं. दुरुस्तीनंच घात केला.

मी हवालदाराला सांगितलं तर तो टेबलावर हात आपटून हसायला लागला. "साहेब्र, गायरी, गाय! आकळ अल्ल!" आकळ म्हणजे त्यांच्याकडची दूध देणारी गाय, अल्ल म्हणजे नव्हे. पण तो माणूस हसत नव्हता. तो म्हणाला, "किल्ली द्या माझी. अक्का दाराशी उभ्या असतील."

जीप काढली आणि मी स्वतः त्याला घेऊन धारवाड गाठलं. केलगेरीच्या अंगाला एक औषधनिर्माण महाविद्यालय होतं, त्याच्या मागं प्राण्यांची खोली. आम्ही पोहोचलो तेव्हा दिवे लागत होते. दाराशी तिशीच्या आतबाहेरची एक बाई उभी होती. धारवाडच्याच मळमड्डी भागात राहणारी, या महाविद्यालयात शिकवणारी. हीच ती अक्का. दुसरी किल्ली प्रमुखांकडं आणि प्रमुख परगावी, म्हणून दुपारपासून ती तशीच उभी होती. मी झाला प्रकार सांगितला. वाटलं होतं, भडकेल. तिनं "उघडा आधी" एवढंच म्हटलं.

आत बारा पांढरे उंदीर. प्रत्येकाच्या पाठीवर भादरलेला चौकोन आणि त्यात नाण्याएवढी जखम. तिनं एकेकाला दिव्याखाली घेऊन पाहिलं. बाराव्यापर्यंत पोहोचली आणि हात धुवून स्टुलावर बसली.

मी मला कळेल तेवढं विचारून घेतलं. पाला होता कंबरमोडीचा. मी म्हटलं, "बाई, हा पाला जखमेवर लागतो हे आमच्या पोलीस लायनीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. त्यावर एवढा खटाटोप कशाला?"

ती म्हणाली, "तुमच्या लायनीत चोर कोण हेही सगळ्यांना ठाऊक असतं ना, साहेब? मग साक्षीपुरावा कशाला गोळा करता?"

मग तिनं समजावलं. सहांना पाल्याचा अर्क, सहांना अर्काशिवाय तेच मलम. रोज ठरल्या वेळी लावायचं. जखमेवर पारदर्शक कागद धरून कड गिरवायची, तो चौकटीच्या कागदावर ठेवून चौकटी मोजायच्या. दोन्हींतला फरक म्हणजे पाल्याचं काम. ते झाल्यावर सूज किती उतरते ते वेगळं बघायचं. आज औषध चुकलं, माप चुकलं.

"मग आता?"

"हे बारा बाद. पुन्हा पहिल्यापासून."

मी उचललेला तो माणूस बाईंचा मदतनीस होता. त्याच्याकडूनच मला कळलं की वर्षाअखेर प्रबंध दिला तरच बाईंची जागा कायम होणार होती, आणि पहिल्यापासून धरायचं तर ते होणं कठीण. मी चुकलो असं मात्र आजही म्हणणार नाही. खबर आली की उचलायचं, पगार त्याचाच होता. पण मार्ग काढायचा म्हणून मी म्हणालो, "बाई, कालचं माप आहे, उद्याचं मिळेल. मधला आकडा अंदाजानं टाका. एका दिवसानं काय आभाळ कोसळतंय? आमच्याकडं पंचनामेसुद्धा..." आणि मी जीभ चावली.

ती हसली. रागानं नाही, थकून. "साहेब, न बघितलेलं कसं लिहू?"

बस्स! वाद नाही, भाषण नाही.

दोन दिवसांनी मी महाविद्यालयाच्या प्रमुखांना द्यायला एक लेखी जबाब करून नेला. लोकांचे जबाब घेण्यात आयुष्य गेलं, आपण होऊन दिलेला हा पहिलाच. बाईंना मुदतवाढ मिळावी म्हणून मी त्यात लिहिलं होतं की पोलिसांनी मदतनिसाला तीन दिवस ठाण्यात ठेवलं, त्यामुळं प्रयोगाचा विचका झाला. आधी बाईंना वाचायला दिला. तिनं पेन मागितलं, "तीन दिवस"वर काट मारली आणि कागद माझ्यापुढं केला.

"सकाळी नेलंत, संध्याकाळी सोडलंत. तेवढंच लिहा."

"अहो, तुमच्याच फायद्याचं आहे! मी सही करतोय, मी निस्तरेन."

"म्हणूनच. तुमची सही खोट्याखाली कशाला?"

मी पुन्हा लिहिला, खरा. प्रमुखांनी तो वाचला आणि एका दिवसासाठी मुदतवाढ देता येत नाही म्हणाले. त्यांचंही नियमानं बरोबर होतं. बाईंनी नवे बारा उंदीर घेतले, प्रयोग पहिल्यापासून केला, प्रबंध उशिरा गेला आणि ती जागा दुसऱ्याला मिळाली. ती दुसऱ्या गावी तात्पुरत्या नोकरीवर गेली. पुढं त्या मदतनिसाकडून निकाल कळला. पाल्याच्या जखमा खरोखर लवकर मिटल्या होत्या. सुजेवर मात्र फारसा फरक पडला नाही, आणि बाईंनी तेही तसंच छापलं. मला इतका अभिमान वाटला, जशी काही ती माझ्या घरचीच.

चोरीच्या गाई मग एका आठवडी बाजारात सापडल्या. म्हातारीला तिची मिळाली. तपास माझा नव्हता, शेजारच्या ठाण्याचा होता, तरी तिनं पेढा मलाच दिला.

या प्रकरणानं मला दोन गोष्टी शिकवल्या. पहिली कामाची. खबऱ्यानं सांगितलेला अर्थ घ्यायचा नाही, कानावर पडलेला शब्द जसाच्या तसा मागायचा. आमच्या दोन भाषांच्या मुलखात अर्थ लावणाऱ्यानं जेवढी निरपराध माणसं ठाण्यात आणली, तेवढी वैऱ्यानंही आणली नसतील.

दुसरी महागात पडली. काही वर्षांनी एका मोठ्या प्रकरणात वरिष्ठांनी पंचनामा पुढं सरकवला. मी त्या जागी गेलोच नव्हतो. आरोपी नालायकच होता, शिक्षा व्हायलाच हवी होती आणि सगळे म्हणत होते, सही ठोका, एका सहीनं काय होतंय? मी म्हणालो, "साहेब, न बघितलेलं कसं लिहू?"

शब्द माझे नव्हते. आवाज मात्र माझाच निघाला. महिन्याच्या आत बदली झाली. पोरांच्या शाळा बुडाल्या, बायको आठ दिवस बोलली नाही. नव्या गावी सामान उतरवताना तिनं शेवटी विचारलं, "कुणी शिकवलं हो तुम्हाला हे?"

मी म्हणालो, "एका बाईनं. मी तिची नोकरी घालवली होती."