मालनचा शेवटचा नंबर

घाटकोपरच्या आमच्या भटवाडीत कुणालाही विचारा, मालन कोण? भिशीवाली, म्हणतील. तिच्या भिशीत वीस बायका, महिन्याला प्रत्येकी पाच हजार. जमलेले लाख रुपये दर महिन्याला एकीला, पाळीपाळीने. दहा वर्षांत एक पैसा इकडचा तिकडे झाला नाही. मी तिचा नवरा सहदेव, मरोळच्या एका कारखान्यात फिटर. मला विचाराल तर अर्थमंत्री करा तिला!

दहावीनंतर बापाने तिची शाळा सोडवली होती. ती सल मनात ठेवून बाईने चाळिशीत बारावी केली आणि घरबसल्या बी.कॉम.ला नाव घातलं. सगळे पेपर सुटले, एक अडला. गुंतवणुकीचा. नेमका! वीस घरांचा पैसा सांभाळणारी बाई त्याच विषयात नापास. त्यात नोंदणीची मुदत संपत आलेली. एकच संधी उरली होती, ती हुकली की पाच वर्षांची मेहनत पाण्यात.

आमची पोरगी श्रुतिका पवईच्या एका ऑफिसात अकाउंट्स बघते. तिने आईला विचारलं, "पण तू लिहिलंस काय?"

प्रश्न असा होता: एक लाख रुपये आज किंवा वर्षाने मिळणार असतील, तर तुम्ही काय निवडाल? कारण द्या. मालनने लिहिलं होतं, वर्षाने.

"आई गं!" श्रुतिकाने कपाळावर हात मारला. "आजचे पैसे बँकेत टाकले तर वर्षाने व्याजासकट येतात ना! शिवाय महागाई. आजचा रुपया उद्याच्या रुपयापेक्षा मोठा. पहिला धडाच आहे हा."

"बँकेत टाकले तर ना!" मालन फणकारली. "आज लाख घरात आले की उद्या कुणाला मोटारसायकल हवी असते, परवा गावच्या घरावर पत्रे. वर्षाने आले तर निदान वर्षभर वाचतात."

मोटारसायकलवाला मीच. मी गपचूप भजी खात बसलो.

आमच्याकडे सगळ्याच बायका म्हणतात, शेवटचा नंबर बरा, तोवर पैसा हाताला लागत नाही. मालन तर दहा वर्षं शेवटचाच नंबर घेत आलेली. भिशी चालवणारीने घाई करायची नाही, असा रिवाज.

श्रुतिकाने कागद ओढला. "हेच पाच-पाच हजार तू दर महिन्याला बँकेत टाकले असतेस, तर एका भिशीमागे साडेपाच हजारांच्या वर व्याज. अशा सहा भिश्या. आता व्याजावरचं व्याज धर." आकडा चाळीस हजारांच्या पुढे गेला.

मालन कागदाकडे बघतच राहिली. "म्हणजे मी इतकी वर्षं सगळ्यांना बिनव्याजी उधार देत होते?"

"हो. आणि एखादीने आपले लाख उचलून पुढचे हप्ते बंद केले असते, तर बुडालीही तूच असतीस. शेवटी थांबणाऱ्याला धोका जास्त."

दोन दिवस बाई तोच कागद घेऊन बसली. माझी सटकली. म्हटलं, बंद कर ती भिशी, धर्मादाय दवाखाना उघडलायस काय! ती म्हणाली, "ओरडू नका, मला हिशेब करू द्या." मग वही घेऊन, कुणी पहिला नंबर कशासाठी घेतला ते आठवून आठवून लिहीत बसली. मागच्या गल्लीतल्या नंदूच्या आईचं ऑपरेशन. शेजारच्या जयंतीच्या नवऱ्याचं काम सुटलं तेव्हाचं भाडं. एकीचा फ्रिज. फ्रिजवर तिने रागाने काट मारली.

परीक्षा मुलुंडला होती. मी बाहेर उसाच्या रसाच्या गाडीपाशी तीन तास उभा. ती आली ती हसतच.

"तोच प्रश्न आला हो!"

"मग?"

"आज, असं लिहिलं. व्याज, महागाई, धोका, सगळं उदाहरण देऊन." मी देवाला हात जोडले. "पण खाली चार ओळी जास्तीच्या लिहिल्या."

"कसल्या?"

"की मी स्वतः भिशीत शेवटपर्यंत थांबते. त्याची किंमत साडेपाच हजार, गणित मांडून दाखवलं. आणि ती मी देते, कारण त्यातून एका बाईचं ऑपरेशन वेळेत झालं. आकडा ठाऊक असून दिलं तर त्याला फसणं म्हणत नाहीत."

"वाट लावलीस! शेवटची संधी, आणि तू मास्तरांना शिकवतेस?"

"खरं तेच लिहिलं. नापास केलं तर केलं."

दीड महिना मला जेवण गोड लागलं नाही. ही मात्र झकास झोपायची. निकाल श्रुतिकाने फोनवर उघडला. त्या पेपरात शंभरपैकी चौऱ्याहत्तर! सांगायला लाज कसली, मी ढसाढसा रडलो. दुसऱ्या दिवशी अख्ख्या शिफ्टला पेढे वाटले, वॉचमनलाही. माझी बायको बी.कॉम. झाली, हे मी त्या दिवशी किती जणांना सांगितलं, मोजलं नाही.

आता नवी भिशी सुरू होतेय. मालनने नियम बदललाय. फ्रिज-टीव्हीसाठी लवकर नंबर हवा असेल तर तीन हजार कमी मिळणार, ते शेवटच्या नंबरवालीला मिळणार. दवाखाना आणि शाळा-कॉलेजची फी असेल तर एक रुपया कापायचा नाही. बायका कुरकुरल्या, पण मानल्या.

मी म्हटलं, "आता तरी पहिला नंबर घे की, बी.कॉम. बाई!"

"यंदा जयंतीच्या मिथुनची इंजिनिअरिंगची फी आहे," ती म्हणाली. "पहिला तिला. मला केवढ्याला पडतं, ते आता मला कळतं."