दिवा विझल्याची ओळ

आमच्या गावचे पुढारी वारले तेव्हा मी सुट्टीत घरी होते. म्हसावदजवळच्या या गावात शाळा आणि रस्ता त्यांच्यामुळे आला. मला सुरतेच्या इंग्रजी शाळेत ठेवायला बाबांना त्यांनीच राजी केलं. माझ्याशी सरळ बोलणारं गावात तेवढं एकच माणूस होतं. दर सुट्टीत ते मला इंग्रजी वर्तमानपत्र वाचायला लावत आणि अर्थ विचारत. बाकीच्यांना मी ‘मडम’. माझी अहिराणी ऐकून विहिरीवरच्या बायका पदरात तोंड लपवून हसत.

शोकसभेसाठी कविता लिही, असं बाबांनी सांगितलं. शाळेत आम्हाला शोकगीतं शिकवली होती. थोर माणूस गेला की सूर्य मावळतो, वृक्ष कोसळतो, दिवा विझतो. गेलेल्याला समोर असल्यासारखी हाक मारायची, एक ओळ पुन्हा पुन्हा आणायची. मी सगळं तसंच केलं. शेवटच्या कडव्यात मात्र ना सूर्य होता ना वृक्ष. आता सुट्टीत मी कुणाला वाचून दाखवू, एवढंच त्यात विचारलं होतं. बाकीची कविता मी त्या कडव्यापर्यंत पोचण्यासाठीच लिहिली होती.

सभा त्यांच्याच अंगणात भरली. पुरुष जाजमावर, बायका ओट्यावर. आतल्या खोलीत, त्यांना शेवटचं निजवलं होतं त्या जागी, पिठावर दिवा ठेवलेला होता. दहावं होईपर्यंत तो विझू द्यायचा नाही. काकी, म्हणजे त्यांची बायको, तिथेच बसून होत्या.

मी कागदावरून नजर न उचलता वाचत होते. ‘विझला दिवा, विझला दिवा’ ही ओळ दुसऱ्यांदा आली तशी ओट्यावरची एक म्हातारी उठली.

“काय म्हनी ऱ्हायनी ही? दिवा इझना?”

दोघीतिघी लगबगीने आत धावल्या. आतून काकींचा आवाज आला, “शे, शे, जळी ऱ्हायना. आत्तेच तेल टाकं मी.”

“आजी, ते कवितामा शे,” कुणीतरी पुरुषांतून म्हणालं.

“कवितामा तरी कसाले इझाडनी?” म्हातारी म्हणाली. “मडमले समजत नई, पन बापले तं समजस ना?”

मागे कुणीतरी हसलं. बाबांनी मला हातानेच खाली बसायला सांगितलं. अध्यक्षांनी घाईने सर्वांना उभं राहायला लावलं आणि मौन सुरू झालं. कागद माझ्या मुठीत होता. शेवटचं कडवं राहिलंच.

सभा पांगल्यावर मी आत गेले. काकींना दुखावलं म्हणून मला त्यांची माफी मागायची होती. पण त्या रागावलेल्या दिसल्या नाहीत. त्या माझ्या मुठीतल्या कागदाकडे बघत होत्या.

“पुढे काय व्हतं वं?” त्यांनी विचारलं.

त्या दुपारभर मला हे कुणीतरी विचारावं असं वाटत होतं. शेवटच्या कडव्यातला प्रश्न त्यांच्या बोलीत कसा मांडायचा ते मनात जुळवून पाहिलं. दोन शब्द जमले, तिसऱ्याला विहिरीवरचं हसू आठवलं.

“काही नाही, काकी.”

त्यांनी सरकून घोंगडीवर जागा केली. बाबा बाहेर थांबलेत, असं सांगून मी निघाले. बाबा केव्हाच घरी गेले होते.