माझ्या मापाची बेस गिटार

माझी उंची विचारायची नाही. विचारली की डोक्यात तिडीक जाते. एसटीतला वरचा दांडा माझ्या हाताला लागत नाही, ओट्यापुढं मी पाट ठेवून उभी राहते आणि लग्नाच्या फोटोत आमच्या ह्यांच्या शेजारी मी पायरीवर उभी आहे. एवढं सांगितलं, बास झालं.

ओतूरच्या एका ऑर्केस्ट्रा पार्टीत मी कोरसला होते. यात्रा, लग्न, वाढदिवस, जिथली सुपारी मिळेल तिथं जायचं आणि मागं उभं राहून आ-आ, ओ-ओ करायचं. लोक पुढं गाणाऱ्या बाईकडं बघायचे. माझा कान मात्र कायम बेस गिटारकडं. चार जाड तारांची ही गिटार वाजत असते तेव्हा कुणाच्या ध्यानातही येत नाही, पण ती थांबली की गाणं पार पोकळ होतं. आमचा बेसवाला चाकणला कंपनीत लागला आणि त्याची पार्टीतली गिटार धूळ खात पडली. मी ती मागून घेतली, निमगाव सावाला घरी आणली आणि मोबाईलवर बघून शिकले. गाणी तर पाठच होती, बोटं तेवढी बसवायची होती.

बोटं बसली, पण हात पुरेना! गिटारच्या दांडीवर धातूच्या आडव्या पट्ट्या असतात, त्यांना पडदे म्हणतात. पार टोकाचा पडदा गाठायचा तर माझा डावा खांदा निखळायला यायचा. मनगट सुजायचं. तरी एके दिवशी तशीच ओतूरला गेले, तालमीत उभी राहिले आणि पट्टा गळ्यात अडकवला. पार्टीचे मालक, त्यांना आम्ही सगळे भाऊ म्हणतो, त्यांनी एकदा मला बघितलं, एकदा गिटारला बघितलं.

"वहिनी, तुमी हिला वाजवताय का ही तुमाला?"

अख्खी तालीम खो खो हसली. ढोलकीवाला तर ढोलकीवर आडवाच पडला. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

"भाऊ, ब्लाउज मापाचं शिवत्यात, चप्पल मापाची घेत्यात. गिटारच तेवढी आभाळातून पडती व्हय? मी माझ्या मापाची करीन."

"करा की. लोणीच्या यात्रेला घेऊन या. नीट वाजली तर बेसची जागा तुमची. न्हाई तर मी पुण्याचा माणूस सांगून ठिवलाय. मग कोरस हायेच."

कोरस हायेच! पार्टीची गिटार तिथंच ठेवली आणि ते दोन शब्द मी घरापर्यंत चावत आले.

आमच्या घरामागं पत्र्याची शेड आहे. पंपाची मोटर उघडायची, फवारणीचा ब्लोअर दुरुस्त करायचा, असली सगळी कामं आमचे हे तिथंच करतात. ग्राइंडर, ड्रिल, पकड, पटाशी, रंधा, सगळं आहे. मी जाऊन सांगितलं, शेड यात्रेपर्यंत माझी. ह्यांनी लगेच मोटरचे सुटे भाग गोणीत भरले आणि टेबल झाडून दिलं.

अंगासाठी बांधावरच्या सिल्व्हर ओकची फळी घेतली. झाड मागच्या वर्षीच पाडलं होतं आणि फळ्या कांद्याच्या चाळीत वाळत टाकल्या होत्या. चाळीत चहूकडून वारा, त्यामुळं लाकूड खडखडीत वाळलं होतं, पण रंधा मारला की कांद्याचा वास सुटायचा. दांडीला जुन्या स्वयंपाकघराच्या दाराची सागवानी चौकट चिरली. तारा, खुंट्या, पडद्यांची पट्टी आणि तारेचा थरथराट टिपणारा पिकअप कुरियरनं मागवला. माप मात्र माझंच. हात लांब केला, बोटं आरामात पोचतात तिथं खडूनं रेघ मारली आणि म्हटलं, दांडी इथंच संपणार. त्या लांबीवरून मोबाईलवर पडद्यांची अंतरं काढली. एकेक खाच करवतीनं कापताना मी श्वाससुद्धा बेतानं घेत होते. खाच केसभर चुकली की सूर चुकला.

व्हिडिओतला माणूस सारखं सांगत होता की दांडीच्या आत लोखंडी सळई घाला. मी ह्यांना विचारलं.

"सागवान हाय ते," हे म्हणाले. "आख्खं घर पेललं त्यानं. चार तारांनी काय वाकतंय?"

मलाही ते पटलं. आमच्याकडं सागवानावर शंका घेणं म्हणजे थोरल्या माणसाला उलट बोलण्यासारखं. सळई नाही घातली.

तारा चढवल्या, सुरात लावल्या आणि ह्यांच्या जुन्या स्पीकरला जोडून पहिली तार छेडली. धुंऽऽ! शेडचे पत्रे खडखडले, गोठ्यातली म्हैस दचकून उठली. हात अगदी टोकाच्या पडद्यापर्यंत आरामात गेला. मी नाचले हो! खरंच नाचले, भुश्शात, दोन्ही हातांनी गिटार छातीशी धरून.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर तारा पडद्यांपासून बोटभर वर. दांडी पुढं वाकली होती. तारांनी तिला ओढून पार धनुष्य केलं होतं. दाबून बघितलं, सूर लागेना. यात्रा तोंडावर आलेली. मी पकड फेकली, ती पत्र्यावर आदळली, आणि मग खाली बसून ढसाढसा रडले. हे दारात उभे. "सागवान!" मी ओरडले. "घर पेललं म्हणं!" ते गुपचूप शेतात गेले.

मीही गेले, घरात बसून करणार काय? टोमॅटोच्या सरीवर तारा ओढायचं काम चाललं होतं. मी पाय आपटत एका टोकाच्या खांबाला तार बांधली आणि रागारागानं ओढली. खांब माझ्याकडं कलला.

"अगं, मागून ताण दिल्याबिगर वढू नगं," हे ओरडले.

एवढं तर शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पिकाच्या तारा खांबाला आत ओढतात, म्हणून मागं दगड पुरून त्याला उलटा ताण देतात. लग्न झाल्यापासून मी दर हंगामाला हेच करत आले. मी तार हातात धरून तशीच उभी राहिले. चार तारा पुढं ओढतायत, मग मागून ओढणारं कुणीतरी नको? त्या व्हिडिओतली सळई म्हणजे दुसरं तिसरं काही नाही, खांबाचा ताण!

"अहो, खांब सोडा!" मी ओरडले आणि पळत सुटले. ह्यांना वाटलं, मला साप दिसला.

तारा उतरवल्या. दांडी पालथी घालून पाठीला लांब चर कोरला, मधे उथळ, दोन्ही टोकांना खोल. ह्यांनी गज आणला, लेथवर त्याला आटे पाडून आणले. सळई चरात बाकदार बसवली, एक टोक पक्कं केलं, दुसऱ्याला नट, आणि वरून सागाचीच पट्टी चिकटवली. तिचा रंग थोडा वेगळा दिसतो, पाठीवर भांग पाडल्यासारखा. डिंक पक्का वाळू दिला. मग पुन्हा तारा चढवल्या, आणि दांडी वाकायला लागली तसा मी नट आवळला. एक वेढा. अजून जरासा. दांडी हळूच मागं आली आणि सरळ झाली. हे डोळा लावून बघत होते.

"सूतात हाय," ते म्हणाले. मग गिटार माझ्या हातात देऊन, "लई झ्याक केलंस." ह्या माणसाच्या तोंडून असलं वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं. 

लोणीच्या यात्रेत स्टेज उभं राहिलं तेव्हा पुण्याचा माणूस आधीच आलेला. चांगला उंचापुरा, पार्टीची ती मोठी गिटार गळ्यात. भाऊंनी माझ्या हातातली पिशवी बघितली, पण उघडून दाखवा म्हणाले नाहीत.

"वहिनी, ऐन वेळंला परीक्षा नगं. कोरसचा माईक तकडं हाय."

 पण मी गप्प बसणाऱ्यातली नाही. पिशवीतून गिटार काढली आणि सरळ पुण्याच्या पाहुण्यांकडं गेले. "पावणं, एकच गाणं तुमची स्पीकरची वायर मला द्या. मग तुमची वायर तुमाला."

त्यांनी भाऊंकडं बघितलं, माझ्या गिटारकडं बघितलं, तिच्या पाठीवरनं बोट फिरवलं. "ही तुम्ही केली?" म्हणाले आणि गळ्यातल्या गिटारची वायर काढून माझ्या हातात दिली. भाऊ काही बोलणार, तेवढ्यात ढोलकीवाल्यानं ठेका धरला. तो का धरला, ते मी त्याला अजून विचारलेलं नाही.

मी शिरले. पहिला सूर स्पीकरमधून सुटला आणि स्टेजच्या फळ्या माझ्या तळव्यांना जाणवल्या. खांदा दुखेना, मनगट कुरकुरेना, बोटं हव्या त्या पडद्यावर. गर्दीत पुढं बसलेल्या बाया माना डोलवायला लागल्या, त्यांना कळतही नव्हतं कशावर. मला कळत होतं ना! दुसऱ्या कडव्याला भाऊंनी मान वळवली. मला वाटलं, आता थांबवतात. त्यांनी साउंडवाल्याकडं बघून हात वर केला.

"बेस वाढव!" ते ओरडले. "वाढव रं अजून!"

गाणं संपलं. शिट्ट्या थांबेनात. भाऊंनी पुढच्या गाण्याचं नाव सांगितलं, वायरीचा विषयच काढला नाही. कोरसचा माईक माझ्यापुढं अगदी आडवा येत होता. मी तो स्टँडसकट उचलला आणि पुण्याच्या पाहुण्यांपुढं नेऊन ठेवला.

"घ्या पावणं, आज कोरस तुमी म्हणा."

आणि त्यांनी म्हटला की, राव! गळा गोड होता माणसाचा.