गाठीचं रक्त आटवणारी पुडी

मागच्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या ओसरीत मी औषधाच्या पुड्यांचे सात हजार रुपये दिले. समोर बायको, तिचा थोरला भाऊ आणि त्यानं सेनगावकडून आणलेला औषधवाला होता. बायकोला गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर होता आणि महिन्यानं किरणांचा उपचार सुरू व्हायचा होता.

"गाठ रगत पिऊन वाढून राहिली," औषधवाला म्हणाला. "रगत आटवा, गाठ सुकते."

दूध, भाकर, गूळ सगळं बंद. बायको महिनाभर मुगाच्या पाण्यावर पुडी घेत राहिली.

किरणांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा रिपोर्ट पाहिला आणि उपचार पुढे ढकलला. हिमोग्लोबिन सातवर आलं होतं.

"गाठ स्वतःच्या रक्तवाहिन्या काढते, हे खरं," त्या म्हणाल्या. "पण त्या वेड्यावाकड्या असतात, आतपर्यंत ऑक्सिजन पोचत नाही. अन् ऑक्सिजन नसला की किरणांनी गाठीच्या पेशी नीट मरत नाहीत. रक्त कमी करून तुम्ही गाठीलाच वाचवत होता."

दोन पिशव्या रक्त चढवल्यावर उपचार सुरू झाला.

घरी आल्यावर मेहुणा म्हणाला, "दाजी, तापू नका. माणूस मनाचा चांगला हाय."

"मग चांगल्या मनानं पैसे परत आणायला सांगा! सात हजार देऊन मी हिला उपाशी मारून राहिलो होतो."

"आधी मला भाकर द्या," आतून बायको म्हणाली, "मग दोघं भांडत बसा."

औषधवाल्यानं एक रुपयाही परत केला नाही. दुसऱ्या दिवशी मी दूधवाल्याला महिन्याचे अठराशे आगाऊ दिले.